म्हैसाळचा राग त्या बाईवर काढू नका

प्रति,
सांगली जिल्ह्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ, मेडिकल दुकानदार आणि या दोघांवर देखरेख ठेवणारे आरोग्य खात्यातले अधिकारी

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त आरोग्यसेविका. गावात अजून सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. निवृत्त झाले म्हणून बायका दारात यायच्या थांबल्या नाहीत, उलट सरकारी शिक्का गेल्यापासून जरा मोकळेपणानं येतात.

हे पत्र लिहायला कारण झाली एक पाटी. आमच्या भागातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या काउंटरमागे ती गेल्या पावसाळ्यात लागली. ‘येथे गर्भपात केला जात नाही. गर्भपात हा कायद्याने गुन्हा आहे.’ पहिलं वाक्य त्या डॉक्टरांचा निर्णय आहे, तो त्यांचा त्यांनी घेतला. दुसरं वाक्य साफ खोटं आहे. आणि त्याच भिंतीवर, पाटीपासून दोन हातांवर, याच हॉस्पिटलला गर्भपात केंद्र म्हणून मिळालेलं मान्यतेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, ‘सर म्हणाले, नको ती कटकट.’

सरांची कटकट वाचली. ती कुणाच्या गळ्यात पडली, हे सांगण्यासाठी हा कागद.

कटकट कसली, हे मला ठाऊक आहे. मार्च २०१७ च्या आधी म्हैसाळ म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवायची. नंतर वेगळंच आठवायला लागलं. मिरज तालुक्यातल्या त्या गावात एका होमिओपॅथी डॉक्टरकडे गर्भपात करताना एक विवाहित बाई दगावली, चौकशी लागली आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पोलिसांनी उकरून काढले. मुलगी आहे म्हणून पाडलेले. तपासाचे धागे कर्नाटकातल्या सोनोग्राफीपर्यंत गेले. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात दयामाया नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली निघाल्या होत्या, आणि २०११ लाही आकडा नऊशेच्या खालीच राहिला. ही लाज मी नोकरीभर उराशी घेऊन फिरले. प्रभातफेऱ्या काढल्या, सासवांशी भांडले, एका सरपंचाचं वैर घेतलं. तेव्हा ‘ही बाई मुली पाडणाऱ्यांच्या बाजूनं बोलते’ असं कुणी म्हणायचं धाडस करू नये.

पण म्हैसाळला गर्भपाताचा कायदा पाळून काही चाललं नव्हतं. तो मोडूनच सगळं चाललं होतं. लिंगनिदान केलं हा एक गुन्हा. होमिओपॅथीच्या डॉक्टरला गर्भपात करायचा अधिकारच नाही, हा दुसरा. अधिकार नसताना जो गर्भपात करतो त्याला दोन ते सात वर्षांची सक्तमजुरी, हे म्हैसाळच्या कितीतरी आधीपासून कायद्यात लिहिलेलं आहे. साताऱ्याच्या लेक लाडकी अभियानानं स्टिंग ऑपरेशन करून जे डॉक्टर पकडून दिले, ते लिंग सांगणारे. हात घातला तो सोनोग्राफीच्या खोलीत, कारण गुन्हा तिथे घडतो. आपण मात्र दुसरंच केलं. एका दुधवाल्यानं भेसळ केली म्हणून गावातल्या लेकरांचं दूध बंद करावं, तसं नियमानं चालणाऱ्या केंद्रांनीच हात आखडला, दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्या गेल्या आणि तपासणीला येणारे साहेब कागद चाळताना गर्भपात आणि लिंगनिदान यांत फरक करेनासे झाले. चोरून करणारे तेवढे राहिले. त्यांच्याकडे पाटी नसते.

आता एकेक तक्रार मांडते.

सगळ्यात आधी सही. आमचा भाग गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी विटा, खानापूर, आटपाडीकडचे गडी देशभर पांगलेत. घरात म्हातारी माणसं, पोरं आणि बायका. अशीच एक सून माझ्याकडे आली. नवरा कोइमतूरला, पदरात दोन मुलं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. तांबी बसवलेली असूनही पाळी चुकली. तिनं उशीर केला नाही, घरी तपासणी केली आणि सरळ तालुक्याच्या गावी हॉस्पिटल गाठलं. तिथे सांगितलं, नवऱ्याची सही आणा. नवरा फोनवर डॉक्टरांशी बोलायला तयार होता. ते चालणार नाही म्हणाले, समोर येऊन सही करायची, नाहीतर सासऱ्यांना आणा. सासऱ्यांपुढे हा विषय काढायचा म्हणजे काय, हे ज्यानं ती अट घातली त्याला एकदा विचारावंसं वाटतं. धंद्याचे दिवस असल्यानं नवऱ्याला लगेच निघता आलं नाही. तो आला तोवर गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. जे गोळ्यांवर भागलं असतं त्याला भूल लागली, क्युरेटिंग लागलं, उसने पैसे लागले आणि मुलं शेजारणीकडे ठेवावी लागली.

डॉक्टरसाहेब, १९७१ चा गर्भपाताचा कायदा तुमच्या टेबलाच्या खणात असेल, एकदा काढून बघा. संमती गर्भवती बाईची. ती १८ वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची. बाकी कुणाची नाही. संमतीच्या फॉर्म सी वर सज्ञान बाईची एक सही पुरते. तांबी किंवा दुसरं गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्यातली लग्नाची अटही काढून टाकली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांच्या बाबतीतही अविवाहित बाईला वेगळं काढता येणार नाही असा निकाल दिला. कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, हेही त्याच निकालात सांगितलं. तरीही आपल्याकडे सही मागतात. विधवेकडे मागतात. सांगलीतल्या कॉलेजात शिकणाऱ्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरीकडे मागतात. गोकुळनगरातल्या, म्हणजे सांगलीच्या वेश्यावस्तीतल्या, बाईकडे कोणत्या नवऱ्याची सही मागणार आहात?

मी अनेक डॉक्टरांशी बोलले आहे. खासगीत ते कबूल करतात की सही कायद्यासाठी नसते, उद्या नवरा दांडकं घेऊन आला तर दाखवायला असते. भीती खरी आहे, दवाखान्यांवर हल्ले होतात. पण त्या भीतीची किंमत तिनं का मोजायची? कायद्यानं चांगल्या हेतूनं केलेल्या कामाला डॉक्टरांना संरक्षण दिलेलं आहे. तुमची संघटना आहे, तुमचे वकील आहेत. तिच्याकडे एसटीच्या भाड्यापुरते पैसे आहेत.

दुसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात वाईट, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. बाई आली की पहिला प्रश्न, ‘आधीची मुलं काय?’ दोन मुलगे असतील तर फारशी विचारपूस होत नाही. दोन मुली असतील तर चेहरे बदलतात. ‘मग आता काढायचं कशाला?’ म्हणजे जिला दोन मुली आहेत तिनं तिसरं ठेवलंच पाहिजे, मुलगा होईपर्यंत चालू ठेवलं पाहिजे! आपण मुली वाचवायला निघालो होतो ना? दोन मुलींवर थांबते म्हणणारी बाई आपल्याला हवी होती. आता ती आली तर तिलाच संशयित ठरवतो.

आणि संशय तरी कशावर? नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही. हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे फारच झालं. ज्या वेळेत गोळ्या देता येतात त्या वेळेत सोनोग्राफीवाल्याला लिंग सांगायची सोय नसते. तेव्हा लवकर आलेल्या बाईला नाकारून एकही मुलगी वाचत नाही. ती परत जाते, चार ठिकाणी फिरते, बारा-चौदा आठवड्यांवर पोचते. म्हणजे ज्या टप्प्यावर लिंग कळू शकतं तिथपर्यंत तिला आपणच ढकलत नेतो. लिंगनिदानाचे दलाल ज्या बाईच्या शोधात असतात, ती हीच.

इथे दिवस मोजायची गोष्ट सांगायलाच हवी, कारण बायका हा कागद वाचतील आणि हे त्यांना कुणी नीट सांगत नाही. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध आला त्या दिवसापासून नाही, पाळी चुकली त्या दिवसापासूनही नाही. पाळी चुकल्याचं ध्यानात येतं तेव्हाच चार आठवडे होऊन गेलेले असतात. बाई ‘महिनाच झालाय सिस्टर’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा दोन महिने झालेले असतात. म्हणजे गोळ्यांसाठी हातात उरतात जेमतेम पाच आठवडे. त्यातला एक संशयात जातो, एक घरात कुणाला सांगू यात, एक पैशात. उरलेले दोन तुम्ही ‘उद्या या’, ‘मॅडम सुट्टीवर आहेत’, ‘सोमवारी सोनोग्राफी करून आणा’ यात घालवता. नाही म्हणायचं असेल तर पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला नाही म्हणा, आणि जिथे होतं त्या ठिकाणाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. टोलवाटोलवी नकाराहून वाईट असते.

आता मेडिकलवाल्या भावांनो, तुमच्याकडे येते. पाच गोळ्यांचं किट, एक मिफेप्रिस्टोन आणि चार मिसोप्रोस्टॉल. शेड्यूल एच मधलं औषध, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचं. ते विकणं गुन्हा नाही, चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे. घडतं नेमकं उलटं. रीतसर चिठ्ठी घेऊन गेलेल्या बाईला बहुतेक दुकानांत ‘आम्ही ठेवत नाही’ म्हणतात, वर आणखी चार गिऱ्हाइकांसमोर तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात. आणि चिठ्ठी नसलेल्या तरुणाला कुठल्यातरी एका दुकानातून तेच पाकीट कागदात गुंडाळून, छापील किमतीच्या कितीतरी पट घेऊन मिळतं. कधी घ्यायच्या, कशा घ्यायच्या, किती अंगावरून गेलं की दवाखान्यात पळायचं, काही सांगत नाहीत. गर्भ पिशवीत आहे की नळीत अडकलाय हेही कुणी बघितलेलं नसतं. नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काम होत नाही, आणि नळी फुटली तर बाई जाते.

देशात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. गोळ्या बंद करून हे थांबेल असं ज्याला वाटतं त्यानं त्या आकड्याकडे बघावं. बायका गोळ्या घेणारच आहेत. डॉक्टरला विचारून घेतात की टपरीवरच्या पोराला विचारून, एवढंच तुमच्या हातात आहे.

अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीचा जाच होतो, असं तुम्ही म्हणता. होत असेल. खरेदीची बिलं आणि चिठ्ठीची प्रत जपून ठेवणाऱ्या दुकानदाराला अधिकाऱ्यानं त्रास दिला तर त्या अधिकाऱ्याविरुद्ध मी तुमच्याबरोबर येऊन बसेन. पण ‘ठेवतच नाही’ हे उत्तर आता पुरे.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. १८ वर्षांखालची पोर पोटुशी आली तर पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं, ते मान्य. पण मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही, असं २०२२ च्या त्याच निकालात आहे. जतकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पोरींची लग्नं अजून लवकर होतात, हे आपण सगळे जाणतो. पोलिसांच्या धाकानं त्या पोरी दवाखान्यात येतच नाहीत, गावठी औषधांकडे जातात. सज्ञान बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्यालाही २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. हे रिसेप्शनवरच्या मुलींना, वॉर्डबॉयला, लॅबवाल्याला कुणी सांगितलंय का? गावात बातमी डॉक्टरकडून कधीच फुटत नाही, ती इथूनच फुटते. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि आपल्या शेजारच्या नायगावच्या सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे विधवांना गुपचूप येऊन बाळंत होता यायचं. त्यांचा हेतू बाळ जगवण्याचा होता, ते काम वेगळं. पण दारात आलेल्या बाईचं गुपित राखायचं, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यायला हरकत नसावी.

आणि पूर. दुरुस्त कायद्यात २० ते २४ आठवड्यांपर्यंत सवलत कुणाला, त्या यादीत बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग बायका आहेत, तशाच सरकारनं जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्या बायकाही आहेत. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या जिल्ह्यात ही ओळ एकाही निवारा केंद्रावर लावायची तयारी असू नये, याचं नवल वाटतं. त्या दोन्ही पुरांनंतर हा नियम अमलात आला. पुढचा पूर यायच्या आधी तरी तो आशांना माहीत व्हावा.

काही डॉक्टर म्हणतील, आमच्या मनाला हे पटत नाही. आमच्या घरातही माळकरी आहेत, जीव घेणं पाप मानणारे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आणि कुणाच्या हातात जबरदस्तीनं औजार देऊ नये असंच मला वाटतं. पण मनाला न पटणाऱ्यानं केंद्राची मान्यता घेऊन भिंतीवर टांगू नये. आणि ज्यांच्या मनाला सकाळी पटत नाही, पण संध्याकाळी जास्तीचे पैसे दिले की पटतं, त्यांनी विवेकाचं नाव काढू नये. असेही आहेत, तुम्हाला माहीत आहेत.

माझ्या मागण्या अशा.

डॉक्टरांनी सज्ञान बाईकडे तिच्या स्वतःच्या सहीखेरीज कुणाचीही सही मागू नये. आधीची मुलं मुलगे की मुली यावरून हो-नाही ठरवू नये. करायचं नसेल तर त्याच भेटीत सांगून दुसऱ्या केंद्राचं नाव लेखी द्यावं. कायद्यानं गुन्हा असल्याच्या खोट्या पाट्या उतरवाव्यात, आणि त्या जागी लिंगनिदान गुन्हा आहे, नियमानुसार गर्भपात गुन्हा नाही, हे दोन्ही मराठीत, आणि जतकडे कन्नडमध्येही, लिहावं.

मेडिकल दुकानदारांच्या संघटनेनं प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका दुकानात किट चिठ्ठीवर मिळेल याची हमी द्यावी. चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या आपल्याच भाईबंदाला पाठीशी घालू नये.

अधिकाऱ्यांकडे थोडं जास्त मागते, कारण पगार मीही तिथूनच घेतला. मान्यताप्राप्त केंद्रांची तालुकावार यादी जाहीर करा, आणि त्यांतली चालू किती, नुसती प्रमाणपत्रापुरती किती, तेही लिहा. जत तालुक्यातल्या उमदी किंवा संखच्या बाईनं मिरजेपर्यंत यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. बारा आठवड्यांपर्यंतचं काम प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर करू शकतो, २५ केसेसमध्ये मदत आणि त्यातल्या पाच स्वतः केल्या की तो पात्र होतो. जत, आटपाडी आणि शिराळ्यातल्या सरकारी डॉक्टरांना हे प्रशिक्षण द्या, एमव्हीएची (हातपंपानं गर्भपिशवी रिकामी करायची) साधनं द्या, आठवड्यातला एक ठरलेला वार द्या. केंद्रांना मान्यता देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीत कायद्यानं निदान एक बाई असावी लागते, तिचं नाव तालुक्याला कळू द्या, म्हणजे तक्रार कुणाकडे करायची ते कळेल. आणि तपासणीला जाणाऱ्या प्रत्येक पथकाला लेखी सांगा की सोनोग्राफीचं रजिस्टर आणि गर्भपाताचं रजिस्टर यांतला फरक ओळखून बोला. लिंगनिदानाची खबर देणाऱ्याला सरकार लाखाचं बक्षीस देतं, द्यायलाच हवं. नियमानं बाईला सेवा देणाऱ्या डॉक्टरला निदान नोटिशीची धमकी तरी मिळू नये.

केंद्रांची यादी तुमच्याकडून मिळाली की खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतल्या आशांना तिच्या झेरॉक्स वाटायचं काम मी अंगावर घेते. खर्च माझ्या पेन्शनमधून करीन. महिनाभर वाट बघेन, नंतर ती माहितीच्या अधिकारात मागेन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
तालुका खानापूर, जिल्हा सांगली